सी प्लस प्लसचा ऑब्जेक्ट पायथनमध्ये वापरताना: नवव्या हीटला बिघडणारा रॅपर

शिरोलीनाका (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी मी सॉफ्टवेअरचे काम पाहतो. भट्टीवरचा मूळ प्रोग्राम पंधराएक वर्षांपूर्वी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. ज्यांनी तो लिहिला ते आता तिथे नाहीत. स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आल्यावर भट्टीत किती फेरोसिलिकॉन, किती कार्बुरायझर आणि किती स्टील स्क्रॅप टाकायचे हे ठरवणारा त्यातला भाग आजवर अनुभवाने इतक्या वेळा दुरुस्त झाला आहे की त्याला हात लावायला कोणी धजत नाही. मालकांना मात्र नवी स्क्रीन आणि नवे रिपोर्ट हवे आहेत आणि ते मी पायथनमध्ये करतो आहे. म्हणून जुना हिशेब जसाच्या तसा ठेवून पायबाइंड इलेव्हनने (सी प्लस प्लसचा कोड पायथनमधून वापरू देणाऱ्या लायब्ररीने) त्यावर रॅपर, म्हणजे पायथनला दिसणारा वरचा थर, चढवला.

रचना अगदी साधी आहे. 'भट्टी' हा एक क्लास असून दिवसभरातल्या सगळ्या 'हीट', म्हणजे वितळवलेल्या धातूच्या खेपा, तिच्या पोटात असतात. भट्टीला हीटचा क्रमांक दिला की ती त्या हीटचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देते. हीटमध्ये क्रमांक, कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस आणि ऑपरेटरचा शेरा आहे. सी प्लस प्लसमधून हे सगळे वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. पायथनमधून मात्र विचित्र प्रकार होतो. फक्त पहिली हीट मागितली तर सगळे आकडे बरोबर येतात, काम होते, आणि शेवटी भट्टीचा ऑब्जेक्ट मिटताना प्रोग्राम 'तीच मेमरी दोनदा मोकळी केली' अशी तक्रार करून पडतो. दुसरी किंवा तिसरी हीट मागितली तर आकडे तेव्हाही बरोबर असतात, पण ती ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवली आहे ते सोडून दिल्याबरोबर 'अवैध पॉइंटर' म्हणून प्रोग्राम तिथल्या तिथे मरतो. मशीन लिनक्सचे आहे. पहिल्या आणि दुसऱ्या हीटमध्ये हा भेदभाव का, हेच मला उमगत नाही.

अर्धविराम (सोमवार, रात्री १०.२५)

तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की कोड न पाहता अंदाज बांधता येतो. तुमच्या भट्टीने हीट एकेक स्वतंत्र नव्हे, तर एका व्हेक्टरमध्ये (वाढत जाणाऱ्या यादीत) सलग, मूल्य म्हणून ठेवल्या असाव्यात, आणि परत मिळणारा पॉइंटर त्या व्हेक्टरच्या पोटातला असावा.

पायबाइंड इलेव्हनचा नियम असा आहे की एखाद्या मेथडने साधा पॉइंटर परत दिला आणि तुम्ही वेगळे काही सांगितले नाही, तर ती वस्तू आता पायथनच्या मालकीची झाली असे ते धरून चालते. पायथनमधला शेवटचा संदर्भ सुटला की ते त्या पत्त्यावर डिलीट चालवते. दुसऱ्या हीटचा पत्ता हा व्हेक्टरच्या मधला पत्ता आहे आणि ॲलोकेटरने (मेमरी वाटून देणाऱ्या भागाने) तो स्वतंत्रपणे कधीच दिलेला नव्हता, म्हणून तो तत्काळ ओरडतो. पहिल्या हीटचा पत्ता मात्र व्हेक्टरच्या सगळ्या जागेच्या आरंभाचा पत्ता असतो. तो ॲलोकेटरला ओळखीचा वाटतो, त्यामुळे पायथन मुकाट्याने भट्टीची अख्खी जागा मोकळी करून टाकते. पुढे भट्टी स्वतः मिटायला जाते तेव्हा तिला कळते की घर आधीच विकले गेले आहे.

ती मेथड जोडताना रिटर्न व्हॅल्यू पॉलिसी, म्हणजे परत दिलेल्या वस्तूचा मालक कोण याचा नियम, स्पष्टपणे लिहा. पायथनने मालकी घ्यायची नाही एवढे 'रेफरन्स' या पॉलिसीने सांगता येते.

पायरी क्रमांक ७ (सोमवार, रात्री ११.१०)

माझे मत थोडे वेगळे आहे. पायबाइंडसारखी हुशार साधने पडद्याआड काय करतात ते दिसत नाही आणि मग असे घोळ होतात. सी प्लस प्लसवर 'एक्स्टर्न सी'ची, म्हणजे साध्या सीच्या पद्धतीने बाहेर दिसणारी, पाचसहा साधी फंक्शन लिहावीत, म्हणजे कंपायलर त्यांच्या नावांची मोडतोड करत नाही, आणि ती सीटाइप्समधून (सीची फंक्शन पायथनमधून बोलवू देणाऱ्या मॉड्यूलमधून) बोलवावीत. पायथन २.५ पासून, म्हणजे २००६ पासून, सीटाइप्स पायथनबरोबरच येते, वेगळे काही बसवावे लागत नाही.

एक ठेच मात्र मलाही लागलेली आहे, ती सांगतो. परतीचा प्रकार तुम्ही सांगितला नाही तर फंक्शन इंट परत देते असे सीटाइप्स गृहीत धरते. इंट ३२ बिटांचा आणि पॉइंटर ६४ बिटांचा, त्यामुळे पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. माझ्या जुन्या मशीनवर पत्ते लहान असल्यामुळे सहा महिने काही झाले नाही आणि नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी प्रोग्राम पडला. मी दोन दिवस त्या बिचाऱ्या मशीनची रॅम बदलून पाहत होतो. परतीचा प्रकार आणि आर्ग्युमेंटचे प्रकार दोन्ही लिहिल्याशिवाय एकही फंक्शन बोलवू नये, हा तेव्हापासूनचा माझा नेम आहे.

अर्धविराम (सोमवार, रात्री ११.३०)

पायरीदादा, सीटाइप्सने मालकीचा प्रश्न सुटत नाही, फक्त तो तुमच्या गळ्यात पडतो. हीट कोण मोकळी करणार, हे तिथेही कोणीतरी ठरवावेच लागते. शिवाय सी प्लस प्लसमधून एखादे एक्सेप्शन 'एक्स्टर्न सी'ची हद्द ओलांडून बाहेर पडले तर ते पकडणारा कोणी नसतो आणि बहुतेकदा प्रोग्रामच संपतो. नसलेल्या क्रमांकाची हीट मागितल्यावर पायबाइंड त्या एक्सेप्शनचे पायथनच्या इंडेक्स एररमध्ये रूपांतर तरी करते.

शिरोलीनाका (मंगळवार, सायंकाळी ७.१५)

अर्धविराम यांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला, हीट व्हेक्टरमध्येच आहेत. पॉलिसी 'रेफरन्स' केल्यावर प्रोग्राम पडायचा थांबला.

पण आता दुसरेच दुखणे उद्भवले आहे. कालच्या पहिल्या हीटशी आजची तुलना दाखवण्यासाठी मी एक छोटे फंक्शन लिहिले आहे. ते कालची फाइल उघडून भट्टीचा ऑब्जेक्ट बनवते आणि त्यातली पहिली हीट तेवढी परत देते. त्या हीटमध्ये सिलिकॉन २.०४ आणि फॉस्फरस ०.०६ असे बरोबर येतात, पण कार्बन ३.३८ च्या जागी ०.०० दिसतो आणि हीटचा क्रमांक काहीच्या बाही येतो. कार्बनमध्ये सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा एक तृतीयांश मिळवून आपण सीई, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, काढतो, त्यामुळे तो ४.०८ यायला हवा तिथे स्क्रीनवर ०.७० झळकतो. एवढा सीई पाहून भट्टीवरच्या माणसाला फेफरे यायचे बाकी राहिले.

जुना साचा (मंगळवार, रात्री ८.५०)

मी प्रोग्रामिंगमध्ये उशिरा आलो. त्याआधी बारा वर्षे उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये होतो. तुमचा हा प्रश्न मला त्याच भाषेत दिसतो, म्हणून तसाच मांडतो.

फाउंड्रीत गिऱ्हाइकाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना, ठेवलेला असतो. तो वापरतो आपण, त्याची राखण करतो आपण, पण तो आपला नसतो. त्यावरून निघालेले कास्टिंग, म्हणजे ओतीव वस्तू, मात्र पाठवून दिले की आपला त्याच्याशी संबंध संपला, ते पुढे कोणी वापरो नाहीतर भंगारात घालो, पॅटर्नला त्याची झळ लागत नाही. तुमच्या रॅपरने पहिल्या खेपेला पॅटर्नलाच कास्टिंग समजून भंगारात काढले. आता तुम्ही त्याला पॅटर्न मोडू नको असे बजावले आहे, पण गिऱ्हाइकाने मधेच येऊन तो उचलून नेला तर काय, हे बोललाच नाहीत. फंक्शन संपताच कालच्या भट्टीचा एकमेव संदर्भ सुटला, पायथनच्या संदर्भगणनेप्रमाणे तिचा आकडा शून्यावर आला आणि ती तत्क्षणी मिटली. हीट मात्र हातात राहिली, रॅकवरची जागा रिकामी झाल्यावरही टॅग हातात राहावा तशी.

आता कार्बनच का बिघडला आणि सिलिकॉन का वाचले ते पाहा. मोकळ्या झालेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या काही बाइटमध्ये ॲलोकेटर आपल्या स्वतःच्या नोंदी, म्हणजे पुढच्या-मागच्या मोकळ्या तुकड्यांचे पत्ते, लिहून ठेवतो. तुमच्या हीटमध्ये क्रमांक पहिला आणि कार्बन त्याच्या लगेच नंतर असावा, म्हणजे हे दोन्ही पहिल्या १६ बाइटमध्ये बसतात. पत्त्याचे बिट दशांश संख्या म्हणून वाचले की इतकी लहान संख्या निघते की ती ०.०० म्हणूनच छापली जाते. पुढचे आकडे अजून कोणी पुसलेले नाहीत, एवढेच त्यांचे भाग्य.

यावर उपाय 'रेफरन्स इंटर्नल' ही पॉलिसी आहे. मालकी घेऊ नको आणि ही हीट कोणाच्या हातात आहे तोवर तिची भट्टीही जिवंत ठेव, अशा दोन्ही गोष्टी ती एकदम सांगते. त्याच कामासाठी 'कीप अलाइव्ह' असा स्वतंत्र मार्गही आहे.

सूतगुंता (मंगळवार, रात्री ९.३०)

इचलकरंजीहून लिहितो. आमच्याकडे लूमची मोजणी जावात आहे आणि कार्डाशी बोलणारा भाग सीमध्ये आहे, म्हणजे तुमच्या उलट दिशेचा मामला. जेएनआयमध्ये, म्हणजे जावा आणि सी यांना जोडणाऱ्या सोयीत, सीच्या फंक्शनला जो जावा ऑब्जेक्ट मिळतो तो स्थानिक संदर्भ असतो, आणि ते फंक्शन परतले की तो संपतो. आमच्या आधीच्या एका माणसाने तो उचलून स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. चाचणीत सगळे चालले आणि नंतर आठवड्यातून एकदा प्रोग्राम पडू लागला. असा ऑब्जेक्ट पुढे वापरायचा असेल तर त्याचा ग्लोबल संदर्भ मागून घ्यावा लागतो आणि काम झाल्यावर तो आपणच सोडावा लागतो, नाहीतर जावाचा गार्बेज कलेक्टर त्या ऑब्जेक्टला कधीच हात लावत नाही. जावा २२ पासून जेएनआयला पर्याय म्हणून परभाषेतली फंक्शन आणि मेमरी वापरण्याची नवी पद्धत कायमची आली आहे. तिच्यात प्रत्येक तुकड्याला 'अरेना' असते आणि ती बंद झाल्यावर कोणी वाचायला गेले तर कचरा मिळण्याऐवजी एक्सेप्शन मिळते. तुमच्या ०.०० पेक्षा ते बरे.

शिरोलीनाका (मंगळवार, रात्री १०.०५)

'रेफरन्स इंटर्नल' केले. कालची हीट आता शाबूत येते. सर्वांचे मनापासून आभार. धागा बंद समजायला हरकत नाही.

शिरोलीनाका (शुक्रवार, रात्री ११.४५)

धागा पुन्हा उघडतो आहे, क्षमस्व.

बुधवारपासून स्क्रीन प्रत्यक्ष भट्टीवर लावली आहे. पहिल्या पाळीत कसलीही तक्रार नाही. दुसऱ्या पाळीत मात्र तिन्ही दिवस तोच प्रकार झाला. सकाळची पहिली हीट दिवसभर तुलनेसाठी एका कोपऱ्यात दाखवली जाते, तिचा कार्बन मधेच ०.०० होतो आणि सीई पुन्हा ०.७०. सुपरवायझरने पहिल्या दिवशी दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरलाच धारेवर धरले की तूच काहीतरी बटण दाबतोस. तो पोरगा कालपासून स्क्रीनकडे पाठ करून उभा राहतो. आज मी स्वतः दुसऱ्या पाळीला थांबलो आणि पाहिले, त्याने काहीही दाबले नव्हते. नवव्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट आत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या हीटचा कार्बन गेला. भट्टीचा ऑब्जेक्ट तर जिवंत आहे, तिच्यात मी नवव्या हीटची भर घालतो आहे. मग हे कसे?

अर्धविराम (शनिवार, सकाळी ७.२०)

भट्टीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये व्हेक्टरला आठ जागा राखून ठेवणारी 'रिझर्व्ह'ची ओळ आहे का, ते तेवढे पाहून सांगा.

शिरोलीनाका (शनिवार, सकाळी ९.०५)

आहे. शेजारी 'एका पाळीत आठ' अशी टीपही आहे. त्या काळी फाउंड्री एकाच पाळीत चालत असे.

अर्धविराम (शनिवार, सकाळी ९.४०)

मग चोर सापडला. व्हेक्टर सगळ्या वस्तू सलग ठेवतो. राखलेली जागा संपली की तो दुसरीकडे मोठी जागा घेतो, सगळ्या हीट तिकडे हलवतो आणि जुनी जागा मोकळी करतो. तुमच्या हातातला पत्ता मात्र जुन्याच घराचा राहतो. 'रेफरन्स इंटर्नल'ने भट्टी जिवंत ठेवली हे खरे, पण भट्टीने आपल्या पोटातले सामान हलवू नये असे वचन ती पॉलिसी देऊ शकत नाही, कारण पायथनला व्हेक्टरच्या आतले काही दिसतच नाही. जुन्या सी प्लस प्लस प्रोग्राममध्ये हे कधी उघडकीला आले नाही, कारण तिथे पॉइंटर घेतला, हिशेब केला आणि सोडला, असा क्षणभराचा व्यवहार होता. पायथनने तोच पॉइंटर सकाळपासून रात्रीपर्यंत मुठीत धरला. त्या ऑपरेटरची कोणीतरी माफी मागायला हवी.

आता पर्याय असे. व्हेक्टरऐवजी डेक, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी साठवणारी यादी, वापरलात तर शेवटी भर घातल्याने आधीच्या वस्तू जागच्या हलत नाहीत. किंवा प्रत्येक हीट शेअर्ड पॉइंटरमध्ये (वापरणारे किती ते मोजणाऱ्या पॉइंटरमध्ये) ठेवा आणि पायबाइंडलाही तोच होल्डर सांगा, म्हणजे दोन्ही भाषा एकाच मोजणीत सामील होतील.

पायरी क्रमांक ७ (शनिवार, सकाळी १०.३०)

ज्या कोडला हात लावायला कोणी धजत नाही असे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले आहे, त्याचा डेटा स्ट्रक्चर बदलायला आपण सांगतो आहोत, हे कोणाच्या लक्षात येते आहे का? दिवसाला पंधरावीस हीट. एवढ्यासाठी एका प्रोसेसमध्ये दोन भाषा कोंबायच्या कशाला? जुना प्रोग्राम वेगळा चालू द्यावा, पायथनने त्याला सॉकेटवरून प्रश्न विचारावा आणि जेसनमध्ये उत्तर घ्यावे. एक पडला तरी दुसरा उभा राहतो.

जुना साचा (शनिवार, दुपारी १२.१५)

वेगळी प्रोसेस हा मार्ग चुकीचा नाही, पण त्याची काळजी वेगळी असते: ती सुरू आहे की नाही हे कोण पाहणार, वीज गेल्यावर कोण आधी उठणार, वगैरे. मला पायरी यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. सॉकेटवरून जे येते ती प्रत असते, आणि प्रतीला मालकीचा वाद नसतो. मग ती प्रत इथेच, एकाच प्रोसेसमध्ये का घेऊ नये?

हीट म्हणजे जेमतेम काही आकडे आणि एक शेरा. तिची प्रत काढायला जो वेळ लागतो तो तुमच्या स्क्रीनला कळणारसुद्धा नाही. पॉलिसी 'कॉपी' करा. पायथनच्या हातात कास्टिंग द्या, पॅटर्न भट्टीकडे राहू द्या. पत्ता धरून ठेवावा तो फक्त भट्टीचा, कारण ती मोठी आहे, एकच आहे आणि तिची प्रत काढण्यात अर्थ नाही. लाखो बिंदूंचा स्कॅन असता तर मी हे सुचवले नसते. तिथे बफर प्रोटोकॉलने तीच मेमरी नमपायला (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीला) दाखवावी लागते आणि मालकीचा हा सगळा काथ्याकूट अटळ असतो. ज्या वस्तूची प्रत स्वस्त आहे तिचा पत्ता हद्दीपार पाठवू नये, असे मी पॅटर्न शॉपमध्ये नव्हे, पण अशीच एक स्क्रीन फसल्यावर शिकलो.

शिरोलीनाका (शनिवार, दुपारी १.००)

पटले. एकच अडचण आहे. ऑपरेटर स्क्रीनवरून हीटचा शेरा लिहितो आणि तो मी पायथनमधून हीटच्या ऑब्जेक्टवर ठेवतो. प्रत दिली तर शेरा प्रतीवरच राहील ना?

जुना साचा (शनिवार, दुपारी १.२०)

राहील, आणि कसलीही तक्रार न करता राहील, जे पडण्यापेक्षा वाईट. म्हणून पायथनला दिसणाऱ्या हीटची सगळी फील्ड फक्त वाचण्यापुरती जोडा, म्हणजे कोणी चुकून लिहायला गेले तर तिथेच एरर येईल. लिहिण्यासाठी भट्टीवरच 'शेरा लिही' अशी मेथड द्या, ती हीटचा क्रमांक आणि मजकूर घेईल. क्रमांक हा पत्ता नव्हे, व्हेक्टर कुठेही गेला तरी पाचवी हीट ही पाचवीच राहते. यासाठी जुन्या कोडमधली एकही ओळ बदलावी लागत नाही, सगळे रॅपरमध्येच होते.

सूतगुंता (शनिवार, दुपारी ३.१०)

स्पेक्ट्रोचा रिपोर्ट आत कसा येतो? जुन्या प्रोग्रामचा स्वतंत्र थ्रेड पोर्टवर कान लावून बसला असेल आणि तोच थेट तुमचे पायथन फंक्शन बोलवत असेल तर तेही एकदा तपासा. सी प्लस प्लसने स्वतः सुरू केलेल्या थ्रेडमधून पायथनच्या कोणत्याही ऑब्जेक्टला हात लावण्याआधी जीआयएल, म्हणजे इंटरप्रिटरचे ते एकमेव कुलूप, ताब्यात घ्यावे लागते. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या पायथन ३.१३ मध्ये हे कुलूप नसलेली आवृत्तीही आधी प्रायोगिक म्हणून आली, पण फाउंड्रीच्या मशीनवर तो प्रयोग आत्ताच नको.

शिरोलीनाका (सोमवार, रात्री १०.५०)

कॉलबॅक, म्हणजे रिपोर्ट आल्यावर बोलवायचे माझे फंक्शन, मी सी प्लस प्लसच्या एसटीडी फंक्शनच्या रूपाने दिला आहे आणि पायबाइंड त्याला बोलवताना कुलूप स्वतःच घेते, हे तपासून पाहिले. उलट बाजूला मात्र एक चूक होती. चार्जचा, म्हणजे भट्टीत काय किती टाकायचे त्याचा, हिशेब चालू असताना मी कुलूप सोडत नव्हतो, म्हणून स्क्रीन मधेमधे गोठत होती. ते दुरुस्त केले.

हीट आता प्रतीने येते, फील्ड फक्त वाचण्यापुरती आहेत, शेरा भट्टीमार्फत क्रमांकाने जातो. तसे करताच माझ्याच कोडमध्ये तीन जागी एरर आल्या, त्यातल्या एका जागी मी रिपोर्ट सुबक दिसावा म्हणून सिलिकॉनचा आकडा हीटवरच पूर्णांकित करून ठेवत होतो. म्हणजे आजवर तो पूर्णांकित आकडा मूळ भट्टीत जाऊन पुढच्या चार्जच्या हिशेबात शिरत होता, आणि ते कोणाच्या गावीही नव्हते.

आज दोन्ही पाळ्या मिळून सतरा हीट झाल्या. पहिल्या हीटचा सीई रात्री दहा वाजताही ४.०८ होता. 'एका पाळीत आठ' ही टीप मी काढलेली नाही, तिच्याखाली या धाग्याचा दुवा तेवढा जोडून ठेवला आहे.